मूळ टारबॉलच सहज उतरवता येत नसेल, तर पॅकेज बांधावे कसे?

रानवारा

नमस्कार. गेली काही वर्षे मी डेबियन या लिनक्स वितरणासाठी स्वयंसेवक म्हणून लहान लहान पॅकेजे, म्हणजे प्रोग्रामांची थेट बसवता येणारी गाठोडी, बांधतो. सध्या हाती घेतलेल्या एका पॅकेजात मी अडलो आहे. अडचण संकलनाची (कंपाइल करण्याची) नाही, स्रोत, म्हणजे मूळ सोर्स कोड, मिळवण्याची आहे. येथे डेबियनखेरीज इतर वितरणांवर काम करणारे सदस्यही आहेत, म्हणून धागा काढत आहे.

नद्यांच्या प्रवाहमापनाच्या नोंदींचे विश्लेषण करणारा हा प्रोग्राम युरोपातील एका विद्यापीठाच्या संशोधनगटाने लिहिला आहे आणि त्याचा परवाना जीपीएल आवृत्ती ३, म्हणजे स्रोत बदलण्याची आणि पुढे देण्याची मुभा देणारा, आहे. प्रोग्राम उत्तम आहे. मात्र त्याचा स्रोत मिळवण्यासाठी त्यांच्या पानावर एक अर्ज भरावा लागतो, त्यात नाव, संस्था आणि संस्थेचा ईमेल द्यावा लागतो, मग काही तासांनी एक दुवा येतो आणि तो दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होतो. टारबॉलच्या, म्हणजे स्रोताच्या फाइली एकत्र बांधलेल्या संकुचित फाइलीच्या, नावात आवृत्तीचा क्रमांक नाही. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटचे सार्वजनिक भांडार नाही. त्यामुळे नवी आवृत्ती आली की नाही हे तपासणाऱ्या यूस्कॅनला मी वॉच फाइलमध्ये कोणता पत्ता द्यावा, हेच मला समजत नाही.

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. मी हा टारबॉल पाच आठवड्यांच्या अंतराने दोनदा उतरवला. नाव तेच, आतल्या फाइलीत लिहिलेला क्रमांकही तोच, म्हणजे ३.२. पण पहिली प्रत ६१,४८,३०२ बाइटांची आहे आणि दुसरी ६१,४८,५११ बाइटांची.

माझे मत असे की परवाना पुनर्वितरणाची मुभा देतो, तेव्हा मी स्वतःच एक प्रत सार्वजनिक ठिकाणी ठेवावी आणि पॅकेज तिच्यावरून बांधावे. माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की तसे केले तर लोकांनी विश्वास मूळ कर्त्यांवर ठेवायचा की माझ्यावर, हा प्रश्न उरतो. तुम्ही अशा वेळी काय करता?

संकलक_सातारा

आधी एक गोष्ट वेगळी काढू या. डेबियनमध्ये पॅकेज चढवताना ओरिग टारबॉल (मूळ कर्त्यांचा टारबॉल) स्रोत-पॅकेजासोबतच संग्रहात जातो. बांधणी करणाऱ्या यंत्रांना बांधणीच्या वेळी इंटरनेटवरून काही आणण्याची मुभा नसते, त्यांना जे लागते ते संग्रहातूनच मिळते. म्हणजे मूळ कर्त्यांचा अर्ज तुम्हाला प्रत्येक आवृत्तीमागे एकदा भरावा लागेल, वापरकर्त्याला कधीच नाही. त्या अर्थाने तुम्ही म्हणता तशी सार्वजनिक प्रत आपोआपच तयार होते, आणि पुढे ती संग्रहातून काढली गेली तरी जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या स्नॅपशॉट सेवेवर राहते.

खरी अडचण पुढे आहे. तुमच्यानंतर जो पॅकेज सांभाळेल, किंवा ज्याला तुमचे काम पडताळून पाहायचे असेल, त्याला संग्रहातील ओरिग आणि मूळ कर्त्यांनी दिलेला टारबॉल एकच आहेत हे कसे कळणार? त्यासाठी रीडमी.सोर्स ही फाइल असते. पूर्वी डेबियनच्या नियमावलीत मूळ स्रोत आणून देणारे एक ऐच्छिक लक्ष्यही (बांधणीतील आज्ञा) होते, ते २०१८ मध्ये वगळले गेले. तुमच्या बाबतीत ते असते तरी अर्ज भरणे आणि ईमेल उघडणे या दोन्ही गोष्टी यंत्राकडून झाल्या नसत्या, त्यामुळे ते माणसाला समजेल अशा भाषेत लिहून ठेवणे हाच मार्ग आहे.

आणि दोन आकारांबद्दल: एकदा संग्रहात गेलेला ओरिग त्याच नावाने बदलता येत नाही, बदललेला टारबॉल नाकारला जातो. म्हणून दुसऱ्या प्रतीला तुम्हाला क्रमांकापुढे काहीतरी जोडावेच लागेल. मी अशा वेळी ज्या दिवशी उतरवला तो दिनांक जोडतो.

चौथाई

मी जेंटू या वितरणावर असतो, तिथे चित्र याच्या अगदी उलटे आहे. ईबिल्डमध्ये, म्हणजे बांधणीची कृती लिहिलेल्या फाइलीत, स्रोत नसतो, केवळ त्याचा पत्ता असतो, आणि संकलन वापरकर्त्याच्या यंत्रावर होते. त्यामुळे स्रोत उतरवता आला नाही तर अडचण थेट वापरकर्त्याच्या दारात जाते. आमच्याकडे त्यासाठी 'फेच' नावाचे बंधन आहे. ते लावले की पॅकेज व्यवस्थापक स्वतः काही आणत नाही, अमुक पानावर जा, अमुक फाइल उतरवा आणि डिस्टफाइल्सच्या फोल्डरात ठेवा एवढे सांगून थांबतो. मग मॅनिफेस्टमध्ये नोंदवलेला आकार आणि ब्लेक२बी व एसएचए-५१२ हे दोन हॅश, म्हणजे फाइलीच्या आशयावरून काढलेले ठसे, जुळले तरच पुढे जातो.

हे बंधन मुख्यतः ज्यांचे पुनर्वितरण करता येत नाही अशांसाठी आहे. तुमच्या प्रोग्रामला जीपीएल असल्याने त्याची गरज नाही, जेंटूच्या मिररवर, म्हणजे प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर, प्रत ठेवता येईल. पण मॅनिफेस्टची शिस्त मला फार मोलाची वाटते. मूळ कर्त्यांनी गुपचूप फाइल बदलली की दुसऱ्या दिवशी कोणीतरी तक्रार नोंदवतेच, कारण आकार जुळत नाही. तुमच्या दोन प्रतींतील फरक तुम्ही योगायोगाने पाहिलात. आमच्याकडे तो पहिल्याच वापरकर्त्याला दिसला असता.

तळटीप

परवान्याविषयी थोडे, कारण या बाबतीत अनेकांचा समज अपुरा असतो. जीपीएल सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलेपणाने ठेवले पाहिजे असे कोणत्याही आवृत्तीत म्हटलेले नाही. ज्याला तुम्ही प्रोग्राम देता, त्याला स्रोत मिळाला पाहिजे, एवढी अट आहे. आवृत्ती २ च्या तिसऱ्या कलमात किमान तीन वर्षे वैध असलेला लेखी प्रस्ताव देण्याचा मार्गही आहे, आवृत्ती ३ च्या सहाव्या कलमात नेटवर्कवरून स्रोत देण्याची तरतूद स्पष्ट केली आहे. त्यामुळे अर्ज मागणे हा परवान्याचा भंग नाही.

मात्र तो अर्ज नीट वाचा. 'ही प्रत इतरांना देणार नाही' अशा अर्थाची ओळ त्यात असेल, तर ती परवान्याशी विसंगत अशी जादा अट ठरते, आणि तिच्याखाली टिचकी मारून मग पुनर्वितरण करणे यात वाद उभा राहू शकतो. तशी ओळ नसेल तर तुम्ही मोकळे आहात.

रानवारा

तळटीप, आभार. अर्ज पुन्हा वाचला. तशी कोणतीही अट नाही. खाली एक छोटी टीप आहे, तिचा आशय असा की किती संस्था हा प्रोग्राम वापरतात याची आकडेवारी अनुदानाच्या अहवालासाठी लागते, म्हणून ही माहिती घेतली जाते. हे वाचून माझा राग बराच निवळला. तीन-चार संशोधकांचा गट आहे, वापरकर्ते मोजून दाखवले नाहीत तर पुढचे पैसे मिळणार नाहीत.

उत्तररात्र

सहज उतरणारा स्रोत तरी स्थिर असतो का, हाही प्रश्न आहे. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटची भांडारे ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळावर आपोआप तयार होणाऱ्या टारबॉलांचे हॅश अचानक बदलले. गिटच्या २.३८ या आवृत्तीत संकुचनासाठी बाहेरचा जीझिप प्रोग्राम न वापरता गिटच्या आतलीच यंत्रणा वापरायला सुरुवात झाली होती आणि गिटहबने ती आवृत्ती लागू केली. आतील फाइलींत एका अक्षराचाही फरक नव्हता, पण संकुचित बाइट वेगळे झाले. बेझेल, होमब्रू, कोंडा-फोर्ज अशा अनेक ठिकाणच्या बांधण्या मोडल्या आणि गिटहबला काही तासांत तो बदल मागे घ्यावा लागला.

मी निक्स या पॅकेज व्यवस्थापकावर काम करतो. तेथे गिटहबवरून आणलेल्या स्रोताचा हॅश टारबॉलचा न घेता उलगडलेल्या फाइलींचा घेतला जातो, म्हणून त्या दिवशी आमच्याकडे फारसे काही मोडले नाही. रानवारा यांनीही आधी दोन्ही प्रती उलगडून आतला फरक पाहावा. कदाचित केवळ फाइलींचे दिनांक बदललेले असतील आणि चिंता करण्यासारखे काही नसेल. डिफोस्कोप या साधनाने हे काही क्षणांत कळते.

संकलक_सातारा

उत्तररात्र यांच्या सूचनेशी सहमत. यूस्कॅन वापरणाऱ्यांनाही २०२२ च्या उत्तरार्धात असाच अनुभव आला होता. गिटहबच्या रिलीझ पानावरील फाइलींची यादी पानासोबत न येता नंतर वेगळी येऊ लागली आणि ते पान वाचणाऱ्या असंख्य वॉच फाइली एकाच वेळी निकामी झाल्या. आम्ही त्या टॅगच्या (आवृत्तीच्या खुणांच्या) पानाकडे वळवल्या. सोर्सफोर्जसाठी तर डेबियनला फार पूर्वीपासून स्वतःचा एक पुनर्निर्देशक चालवावा लागतो, कारण तेथील उतरवण्याचे दुवे मिररमागून मिरर असे फिरवत नेतात.

जुना_पेठकर

मी थोडा वेगळा सूर लावतो. ज्यांना आपला स्रोत मोकळेपणाने ठेवायचा नाही, त्यांचे पॅकेज बांधूच नये, असे माझे मत आहे. पॅकेज बांधणे म्हणजे एकदा संकलन करून मोकळे होणे नव्हे. उद्या त्यात सुरक्षेची त्रुटी सापडली तर दुरुस्ती कोठून आणणार? पुन्हा अर्ज भरणार, पुन्हा ईमेलची वाट पाहणार? आणि तो गट विसर्जित झाला, पान बंद पडले, तर त्या प्रोग्रामचे मूळ कर्ते तुम्हीच होऊन बसता. मी अशा दोन पॅकेजांत अनेक वर्षे अडकून पडलो होतो. दोन्हींचा स्रोत जगात केवळ माझ्या ओरिग टारबॉलात शिल्लक होता आणि जीसीसी या संकलकाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर येणारी दुरुस्ती मलाच करावी लागत होती. शेवटी ती दोन्ही पॅकेजे काढून टाकण्याची विनंती करताना मला खरोखर वाईट वाटले.

दोरखंड

जुना_पेठकर, तुमची व्यथा समजते, पण तुमचे उदाहरण मला तुमच्या मताच्या विरुद्ध जाणारे वाटते. जगात केवळ तुमच्याकडे प्रत शिल्लक होती, म्हणजे तुम्ही पॅकेज बांधले नसते तर ती कोठेच उरली नसती.

माझा अनुभव राउटरसारख्या उपकरणांचा आहे. पूर्वी मी ज्या कंपनीत होतो तेथे एका जुन्या उपकरणाचे फर्मवेअर चार वर्षांनी पुन्हा बांधायची वेळ आली. ग्राहकाने स्रोत मागितला होता आणि परवान्यानुसार तो देणे भाग होते. बांधणीची सर्व रचना जपून ठेवली होती, पॅचेस होते, संकलकाची नेमकी आवृत्ती लिहून ठेवलेली होती. उतरवलेल्या टारबॉलांचे फोल्डर मात्र जागा अडवते म्हणून कोणीतरी पुसून टाकले होते, कारण 'ते काय, इंटरनेटवर आहेतच' असा सर्वांचा समज होता. सुमारे दीडशे टारबॉलांपैकी अकरा जुन्या पत्त्यावर मिळेनात. दोन गूगल कोडवर होते. ती सेवा ऑगस्ट २०१५ मध्ये केवळ वाचनापुरती उरली आणि जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली, संग्रह मागे राहिला पण पत्ते बदलले. बाकीच्यांपैकी बरेचसे, अशा उपकरणांसाठी लिनक्स बांधणाऱ्या बिल्डरूट या साधनाच्या राखीव साठ्यावर सापडले, कारण मूळ पत्ता अयशस्वी झाला की बिल्डरूट तेथे जाऊन पाहते. एक टारबॉल मात्र कोठेही मिळाला नाही. तो नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर निघाला आणि हॅश जुळला तेव्हा आम्ही सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला.

त्यानंतर मी जेथे जेथे काम केले तेथे पहिल्या दिवशी एकच गोष्ट केली. बिल्डरूट असेल तर प्राथमिक साठ्याचा पत्ता आपल्या सर्व्हरकडे वळवायचा, तसेच दुसरे साधन यॉक्टो असेल तर प्रीमिरर (आधी पाहायचे साठे) लावायचे आणि गिटमधून येणाऱ्या स्रोतांचेही टारबॉल करून ठेवायचे. आपला साठा आधी, इंटरनेट नंतर. फेडोरा या वितरणाने तर हे आपल्या पद्धतीतच बसवले आहे: बांधणीची कृती सांगणाऱ्या स्पेक फाइलीत मूळ पत्ता असतो, पण बांधणीच्या वेळी टारबॉल फेडोराच्या लुकअसाइड साठ्यातून येतो आणि गिटमध्ये केवळ त्याचा हॅश राहतो.

अंजनवेल

मी रत्नागिरी जिल्ह्यातून लिहीत आहे आणि 'उतरवणे अवघड' याचा येथला अर्थ थोडा वेगळा आहे, म्हणून सांगते. माझ्याकडे मोबाइलचे इंटरनेट आहे, पावसाळ्यात ते दिवसातून अनेकदा तुटते. टारबॉल अर्धवट राहिला तर डब्ल्यूगेट तो जेथे थांबला तेथून पुढे उतरवू शकते. गिट क्लोन (भांडाराची पूर्ण प्रत घेणे) मात्र मध्येच तुटले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. लिनक्स कर्नलच्या ६.६ आवृत्तीचा संकुचित टारबॉल सुमारे १४० मेगाबाइटांचा आहे, तो मी रात्री लावून ठेवते आणि सकाळी मिळतो. संपूर्ण इतिहासासह क्लोन त्याच्या अनेक पटींनी मोठा होतो, तो मला आजवर एकदाही पूर्ण मिळालेला नाही. उथळ क्लोन करून, म्हणजे खोली १ देऊन इतिहासाशिवाय केवळ शेवटची स्थिती घेऊन, मी काम चालवते, किंवा पुण्यातील मैत्रीण गिट बंडल करून एका फाइलीत पाठवते.

दुसरी अडचण अडवलेल्या पत्त्यांची. डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशाने ३२ पत्ते रोखले गेले होते. त्यांत इंटरनेट आर्काइव्ह होते आणि गिटहबचेही पत्ते होते. ते नंतर उघडले गेले. पण पुढेही माझ्या सेवादाराकडून गिटहबच्या कच्च्या फाइली ज्या वेगळ्या पत्त्यावरून येतात तो पत्ता कित्येक दिवस उघडत नव्हता. मुख्य संकेतस्थळ दिसायचे, आणि बांधणीची स्क्रिप्ट मात्र एका छोट्या पॅचपाशी अडायची. चूक माझ्या स्क्रिप्टची आहे असे समजून मी दोन दिवस घालवले.

म्हणून पॅकेजकर्त्यांना माझी विनंती आहे की स्रोत एकाच ठिकाणी ठेवू नका, आणि टारबॉल देणे बंद करून 'गिटवरून घ्या' असे सांगू नका.

उत्तररात्र

अंजनवेल, तुमचे म्हणणे पटते, तरी टारबॉलविषयी एक इशारा देतो. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या संकुचनाच्या प्रोग्राममधील चोरदरवाजा उघड केला, तो येथे सर्वांना आठवत असेल. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत लपवलेला घातक भाग चाचणीच्या फाइलींच्या रूपाने गिटमध्येही होता, पण बांधणीच्या वेळी त्याला जागे करणारी एम४ फाइल केवळ टारबॉलात होती. गिट पाहणाऱ्याला ती दिसलीच नसती. म्हणजे मूळ कर्त्याने हाताने बनवलेला टारबॉल आणि गिटमधील स्रोत यांत फरक असू शकतो, आणि तो कोणी तपासत नाही. रानवारा यांच्या बाबतीत तर तुलना करण्यासाठी गिटही नाही.

संकलक_सातारा

टारबॉल टाकून देणे हा मात्र त्यावरचा उपाय मला वाटत नाही. तो कोणी बनवला याची खात्री डिजिटल स्वाक्षरीने करता येते, यूस्कॅन ती आपोआप तपासते, आणि मूळ कर्त्यांची सार्वजनिक किल्ली डेबियनच्या फोल्डरात ठेवण्याची ठरलेली जागा आहे. २००३ मध्ये ग्नूच्या एफटीपी सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे काही महिन्यांनी उघडकीस आले, तेव्हा प्रत्येक टारबॉल मूळ स्थितीत आहे की नाही हे एकेक करून तपासावे लागले होते. अशा वेळी स्वाक्षरी मोठा आधार ठरते. एक्सझेडमध्ये स्वाक्षरी करणाराच घातपाती होता, ते संकट वेगळ्या जातीचे आहे. त्यासाठी टारबॉल आणि टॅग यांची तुलना करायलाच हवी, येथे उत्तररात्र यांचे बरोबर आहे.

मोगरा_२७

या चर्चेचा आपल्या भाषेशी थेट संबंध आहे. देवनागरीसाठी लिनक्सवर वर्षानुवर्षे वापरला जाणारा लोहित फॉन्ट आठवा. त्याचे काम प्रामुख्याने पुण्यात झाले. त्याचे टारबॉल फेडोरा होस्टेडवर असत आणि ती सेवा २०१७ मध्ये बंद झाली. प्रकल्प दुसरीकडे गेला, टारबॉलही गेले, पण ज्यांच्या वॉच फाइलीत, स्पेक फाइलीत आणि महाविद्यालयांच्या सूचनापत्रकांत जुना पत्ता होता, त्यांच्यासाठी तो दुवा मेला. भाषेची साधने सांभाळणारी माणसे मोजकीच असतात, आणि एखादे ठिकाण बंद झाले की त्यांच्यामागे धावून पत्ते बदलणारे कोणी नसते. २०२० मध्ये बिटबकेटने गिटसारख्याच मर्क्युरिअलची भांडारे काढून टाकली, तेव्हाही अनेक छोट्या प्रकल्पांचे असेच झाले.

यासाठी सॉफ्टवेअर हेरिटेजचा उल्लेख करायला हवा. फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेने २०१६ मध्ये हा संग्रह जगासमोर आणला. तेथे स्रोताला त्याच्या आशयावरून ठरणारी ओळख मिळते, पत्त्यावरून नाही. ग्विक्स वितरणात मूळ पत्ता बंद पडला तर स्रोत तेथून आणण्याची सोय आहे. कोणीही एखाद्या सार्वजनिक भांडाराचा पत्ता देऊन ते जतन करण्याची विनंती करू शकतो. मराठीच्या शब्दकोशांची, कळफलकांची, फॉन्टांची जी भांडारे तुम्हाला ठाऊक आहेत, ती तेथे आहेत का हे एकदा पाहा आणि नसतील तर आजच विनंती नोंदवा. पाच मिनिटांचे काम आहे.

नदीकाठ

मी स्थापत्य अभियांत्रिकीचा प्राध्यापक आहे, पॅकेजिंगमधले मला फारसे कळत नाही. पण रानवारा ज्या प्रोग्रामचे वर्णन करत आहेत तो आमच्या विभागात वापरला जातो असे दिसते. दोन वर्षांपूर्वी एका संशोधक विद्यार्थ्याने तो अर्ज भरून मिळवला आणि तेव्हापासून ती प्रत पेनड्राइव्हवरून एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते. आणखी दोन महाविद्यालयांनी ती आमच्याकडून नेली आहे. जुना_पेठकर म्हणतात तसे पॅकेज बांधलेच नाही, तर वापर थांबणार नाही, तो या मार्गाने चालू राहील. आमच्याकडची प्रत कोणती आहे, तिच्यात काय चुकले आहे आणि काय दुरुस्त झाले आहे, हे आम्हाला कळण्याचा काही मार्ग आहे का?

जुना_पेठकर

नदीकाठ सरांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पेनड्राइव्हवरची प्रत ही खरोखर सर्वांत वाईट अवस्था आहे, कारण तिला क्रमांकही नाही आणि इतिहासही नाही. मी माझे मत थोडे बदलतो: पॅकेज जरूर बांधावे, पण आधी मूळ कर्त्यांशी बोलावे आणि त्यांची तयारी पाहावी. माझ्या त्या दोन पॅकेजांच्या बाबतीत मी पत्र लिहिण्याचे नेहमी पुढे ढकलले आणि नंतर पत्र लिहिण्यासाठी कोणी उरले नाही.

चौथाई

पत्र कसे लिहावे याविषयी माझा अनुभव सांगतो. 'तुमची पद्धत चुकीची आहे, गिटवर या' असे लिहिलेल्या माझ्या पत्रांना उत्तरे आली नाहीत. ज्या पत्रात मी त्यांच्या अडचणीतून मार्ग सुचवला, त्याला आले. रानवारा, या गटाला आकडेवारी हवी आहे. त्यांना संशोधनाच्या फाइली ठेवणारे झेनोडो सुचवा. ती सेवा सर्नमधून २०१३ पासून चालते, प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो आणि सर्व आवृत्त्यांसाठी मिळून एक वेगळा, किती जणांनी पाहिले व उतरवले हे पानावरच दिसते, आणि शोधनिबंधात संदर्भ म्हणून तो डीओआय देता येतो. एकदा प्रसिद्ध केलेल्या नोंदीतील फाइली बदलायच्या तर नवी आवृत्ती काढावी लागते, म्हणजे तुमचा मुख्य प्रश्नही तेथेच सुटतो. शिवाय डेबियनमधील पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्टचे, म्हणजे कोणते पॅकेज किती जणांकडे आहे याचे, आकडेही त्यांना अहवालात देता येतील. ते स्वेच्छेने सहभागी होणाऱ्यांचेच असतात, तरी काहीच नसण्यापेक्षा बरे. अर्ज काढून टाका असे म्हणूच नका.

रानवारा

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात बरेच घडले.

आधी उत्तररात्र यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही प्रती उलगडून डिफोस्कोपने पाहिल्या. फरक दिनांकांचा नाही. एकाच स्रोत-फाइलीत बदल आहे, आणि तो घनफुटांचे घनमीटर करणाऱ्या ओळीत आहे. पहिल्या प्रतीत क्युसेकच्या आकड्याला ३५ ने भागले आहे, दुसऱ्या प्रतीत ३५.३१४७ ने, आणि वर दोन ओळींची टिप्पणी जोडली आहे. म्हणजे पहिल्या प्रतीत क्युसेकमध्ये भरलेला प्रत्येक प्रवाह सुमारे ०.९ टक्क्याने जास्त दिसतो. धरणातून ३५,००० क्युसेक विसर्ग चालू असेल तर ती प्रत १,००० घनमीटर प्रतिसेकंद सांगेल, प्रत्यक्षात तो सुमारे ९९१ असतो. युरोपात नोंदी मुळातच घनमीटरमध्ये असतात, त्यामुळे तेथे कोणाच्या हे लक्षात आले नसावे. आपल्याकडे मात्र धरणांचा विसर्ग क्युसेकमध्येच सांगितला जातो.

मग चौथाई यांच्या सल्ल्याने पत्र लिहिले. त्यात आकडेवारीची त्यांची गरज मान्य करून झेनोडोचा मार्ग सुचवला, दोन प्रतींतील फरक जोडला आणि केवळ तीन गोष्टी मागितल्या: फाइलीच्या नावात क्रमांक, पानावर एसएचए-२५६, आणि प्रत्येक बदलाला नवा क्रमांक. चौथ्या दिवशी सविस्तर उत्तर आले. ती दुरुस्ती एका वापरकर्त्याने कळवल्यावर त्यांनी त्याच दिवशी केली होती, पण एका ओळीसाठी नवी आवृत्ती काढण्याची आवश्यकता त्यांना वाटली नव्हती. आता ते दुरुस्त स्रोत ३.२.१ या क्रमांकाने झेनोडोवर ठेवत आहेत. अर्ज त्यांच्या पानावर राहील, पण ऐच्छिक.

पॅकेजाच्या बाजूने एक काम वाढले. टारबॉलात एक संकलित जार फाइल निघाली, तिचा स्रोत सोबत नव्हता. ती कॉपीराइट फाइलीत वगळण्याच्या यादीत टाकून टारबॉल पुन्हा बांधला आणि आवृत्तीला डीएफएसजीचा (डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या निकषांचा) प्रत्यय लावला. रीडमी.सोर्समध्ये मूळ टारबॉल कोठून व कोणत्या दिवशी घेतला, त्याचा हॅश काय, काय वगळले आणि ३.२ च्या दोन प्रती का होत्या, हे सर्व लिहिले आहे. माझ्या सहकाऱ्याने त्यावरून स्वतंत्रपणे ओरिग बनवून पाहिला आणि माझ्याशी जुळला.

नदीकाठ सर, आपल्याकडील टारबॉलचा आकार बाइटांत पाहून सांगाल का? फाइलीवर उजवी टिचकी देऊन गुणधर्म उघडले की दिसेल.

नदीकाठ

पाहिला. ६१,४८,३०२.

ज्या दोन महाविद्यालयांनी आमच्याकडून प्रत नेली त्यांना आत्ताच फोन केला. त्यांपैकी एका ठिकाणी विद्यार्थिनीचा प्रबंध पुढच्या महिन्यात जमा व्हायचा आहे आणि तिच्या पूरवक्रांचे सर्व आकडे क्युसेकमधून आलेले आहेत. ३.२.१ चा दुवा येताच कृपया येथे द्या, ती सर्व गणिते पुन्हा करायला बसणार आहे.